शिंदखेड्यातला समुद्र

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि वरच्या बाजूला खानदेशावर बोट ठेवा. भुसावळहून सुरतेकडे जाणारी रेल्वेची एक रेघ दिसेल. जळगाव, धरणगाव, अमळनेर, बेटावद, नरडाणा अशी स्टेशनं घेत गाडी पश्चिमेला निघते. अमळनेर आलं की मनातल्या मनात नमस्कार करायला विसरू नका. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात तिथल्याच शाळेत मुलांना शिकवलं. नरडाणा मागे पडलं की थोड्याच वेळात येतं आमचं शिंदखेडा.

पुष्कळांचा इथे घोटाळा होतो बरं का! जिजाऊंचं जन्मगाव ते सिंदखेड राजा, आणि ते आहे बुलढाणा जिल्ह्यात. आमचं शिंदखेडा धुळे जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. उत्तरेला तापी, तिच्या पलीकडे शिरपूर तालुका आणि त्याच्याही मागे निळसर सातपुडा. गावाजवळून बुराई नदी जाते. नदी म्हणायची, पण पावसाळा सरला की तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त. तालुका अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात हंड्यांची रांग लावायची सवय इथल्या लहान मुलांनाही असते.

आणि अशा या गावात समुद्र आहे, असं मी सांगितलं तर? हसू नका. एकदा सोडून दोनदा आहे. एक फार जुना आणि एक आमच्या शाळेतला. आधी जुना पाहू.

शिंदखेडा, दोंडाईचा, साक्री या भागातून फिरताना शेतांमध्ये मधूनच काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. वाटतं, कुण्या राजानं तट बांधला आणि अर्धवट सोडला. पण ह्या भिंती माणसानं बांधलेल्या नाहीत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून आतून तापलेला लाव्हा वर येत होता. त्याचे थर साचून दख्खनचं पठार बनलं. काही लाव्हा भेगांतच अडकला आणि थिजला. पुढे ऊनपावसानं बाजूचा दगड झिजला आणि भेगेतला कठीण दगड भिंतीसारखा उभा राहिला. भूगर्भशास्त्रात अशा भिंतीला ‘डाईक’ म्हणतात. आपल्या धुळे-नंदुरबार भागातले डाईक जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. बहुतेक सगळे पूर्व-पश्चिम धावतात.

आता त्याहून मागे जा. सुमारे नऊ कोटी वर्षं! तेव्हा हा लाव्हाही नव्हता. शिंदखेड्याहून सरळ उत्तरेला गेलं, सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव लागतं. पक्ष्यासारखं सरळ उडत गेलं तर अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतच. तिथल्या बौद्ध लेण्यांमुळे बाघ प्रसिद्ध आहे. पण तिथल्या खडकांत समुद्री शिंपले, समुद्री साळिंदर आणि अमोनाइट यांचे जीवाश्मही सापडतात. म्हणजे काय? तर पश्चिमेचा समुद्र त्या काळी नर्मदेच्या खोऱ्यातून थेट तिथवर आत शिरला होता. अमोनाइट म्हणजे गोगलगायीसारखा गुंडाळलेला शंख असलेला प्राणी. तो आता पृथ्वीवर कुठेच उरलेला नाही. पण त्याचे नातेवाईक आहेत. कोण? आठ हातांचा ऑक्टोपस आणि कोकणातले लोक ज्याला माकूळ म्हणतात तो प्राणी!

हे सगळं मी चौथीच्या वर्गात सांगत होते. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. एकीनं विचारलं, “बाई, समुद्र कितला मोठा ऱ्हास हो?”

मी उलट विचारलं, “समुद्र कुणी पाहिलाय?”

सगळा वर्ग गप्प. मग शेवटच्या ओळीतला एक हात अर्धाच वर आला.

हा मुलगा दिवाळीनंतर आमच्या शाळेत आला होता. त्याचे आईवडील कामासाठी सुरतेला गेलेले. खानदेशातली कितीतरी कुटुंबं अशी सुरतेला जातात. मुलगा तिथे गुजराती शाळेत होता. घरची काही अडचण झाली म्हणून त्याला आजीजवळ ठेवलेलं. मराठी वाचताना तो अडखळायचा. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते, त्यामुळे त्याच्या मराठी अक्षरांनाही शिरोरेघ नसे. मुलं त्याच्या वहीला ‘बिनटोपीची वही’ म्हणून हसायची. मी रागावले की थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. तो मात्र कुणाशी भांडत नसे. बोलतच नसे म्हणा ना!

“डुमसचा समुद्र पाहिला,” तो म्हणाला. “वाळू काळी आहे.”

झालं! सगळे हसले. पुस्तकातल्या चित्रात समुद्राची वाळू पिवळी असते, मग याची काळी कशी? त्यानं आणखी एक सांगितलं. “पाणी मागे मागे जातं. खूप लांब. मग परत येतं.” यावर तर आणखीच हसू.

पण त्याच्या दोन्ही गोष्टी अगदी खऱ्या होत्या. सुरतेजवळचा डुमसचा किनारा काळ्या वाळूसाठीच प्रसिद्ध आहे. आणि तो समुद्र म्हणजे खंबातचं आखात. तिथली भरती-ओहोटी भारतात सर्वांत मोठी. काही ठिकाणी तर भरती आणि ओहोटीच्या पाण्याच्या उंचीत दहा मीटरपर्यंत किंवा त्याहून जास्त फरक पडतो. म्हणजे तीन मजली घराएवढा! हे मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं तेव्हा वर्ग मागे वळून त्याच्याकडे पाहू लागला.

मग नकाशा उघडला. मध्य प्रदेशातल्या मुलताईला तापी उगम पावते. पुराणात तिला सूर्याची मुलगी म्हटलं आहे. दक्षिणेतल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात, तापी आणि नर्मदा मात्र पश्चिमेला. ७२४ किलोमीटर चालून तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते, म्हणजे डुमसच्या अगदी जवळ. आणि आमची बुराई कुठे जाते? तापीला. म्हणजे समुद्र आमच्यापासून दूर असला तरी आमचं पाणी तिथंच जाऊन पोचतं.

त्या दिवशी ठरलं, कार्यानुभवाच्या तासाला समुद्र करायचा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तो गावाला दाखवायचा. दिवसही कसा जमून आला पाहा! १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेहून बोटीनं परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून ते विचारात पडले. आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून समुद्र निळा, असं तेव्हा मानत. रामन यांना ते पटलं नाही. पाण्याचे कण स्वतःच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या वाटेनं पुढे जात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ सापडला आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. समुद्राकडे पाहून पडलेला एक प्रश्न माणसाला कुठवर नेतो, नाही का?

आमचा समुद्र मात्र वरचा निळा नव्हता. आम्हांला हवा होता खोल, काळाकुट्ट समुद्र, कारण खरी गंमत तिथे आहे. पाण्यात दोनशे मीटरच्या खाली उजेड अगदी फिका होतो. हजार मीटरच्या खाली तर सूर्याचा किरणही पोचत नाही. आणि समुद्राची सरासरी खोली आहे साडेतीन हजार मीटरहून जास्त! म्हणजे पृथ्वीवरच्या पाण्याचा फार मोठा भाग कायमच्या अंधारात आहे. तिथले प्राणी काय करतात? स्वतःचा दिवा स्वतःच लावतात! कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात शास्त्रज्ञांनी सतरा वर्षं कॅमेरे सोडून प्राणी मोजले. २०१७ साली त्यांनी सांगितलं, की पाण्यात तरंगणाऱ्या दर चार प्राण्यांमागे सुमारे तीन प्राणी प्रकाश देणारे आहेत.

हा दिवा तेलाचा नाही आणि विजेचाही नाही. या प्राण्यांच्या शरीरात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश निघतो, आणि हाताला चटका बसेल अशी उष्णता निघत नाही. म्हणून याला थंड प्रकाश म्हणतात. आपला काजवा हेच करतो. अँग्लर माशाची तर आणखीनच तऱ्हा. त्याच्या डोक्यावर गळासारखी काठी असते आणि टोकाला दिवा. दिव्यात राहतात प्रकाश देणारे जिवाणू. दिवा पाहून लहान मासा जवळ आला की गट्टम्! हा दिवा फक्त मादीला असतो. नर अगदी चिमुकला. हे ऐकून आमच्या मुलींनी अँग्लर मासा आम्हीच करणार म्हणून जाहीर केलं.

आता सामान. समुद्र करायचा कशाचा? कागदाच्या लगद्याचा. काश्मीरमध्ये लगद्याच्या सुंदर नक्षीदार पेट्या करतात. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचे मुखवटेही लगद्याचे असतात. पण आमच्या वर्गाला शिकवायला एवढ्या लांबून कुणी यायची गरज पडली नाही. मुलांच्या आज्याच आल्या!

पूर्वी घरोघरी बायका रद्दी भिजवून कुटायच्या, त्यात मेथ्यांचं पीठ मिसळायच्या आणि पालथ्या भांड्यावर थापून टोपल्या करायच्या. मेथ्यांमुळे लगदा चिकट होतो आणि कडूपणामुळे कीडही लागत नाही. सुरतवाल्या मुलाची आजी पदर खोचून वर्गात बसली आणि लगदा हातात घेऊन म्हणाली, “आम्ही ते टोपल्या करूत, नि या पोरे मासा करी ऱ्हायनात!” मग तिनंच मुलांच्या हातातला लगदा पिळून पाहिला, “आजून कुटा,” म्हणून दोनदा परत पाठवला.

तुम्हांलाही करायचा असेल तर कृती सोपी आहे. वर्तमानपत्राचे बोटाएवढे तुकडे करा. चकचकीत कागद घेऊ नका, तो नीट भिजत नाही. दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा, मग खलबत्त्यात कुटा. पाणी पिळून टाका. चार वाट्या लगद्याला एक वाटी कणकेची घट्ट खळ आणि मूठभर मेथ्यांचं पीठ घाला. पुरणासारखा गोळा झाला पाहिजे. खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आहे, पण मोरचूद विषारी असतो. मुलांनी त्याला हात लावू नये.

सांगाडा कशाचा, हा पुढचा प्रश्न. तो शेतानं सोडवला. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या बांधावर पडल्याच होत्या. त्या वाकवून, सुतळीनं बांधून मुलांनी माशांचे सांगाडे केले. त्यावर आधी खळ लावलेल्या कागदाच्या पट्ट्या आणि मग लगदा. ऑक्टोपसचे हात वर्तमानपत्राच्या पिळलेल्या गुंडाळ्यांचे. जेलीफिशसाठी फुगा फुगवून त्यावर पट्ट्यांचे चार थर दिले. वाळल्यावर फुगा फोडला, खालचा भाग कापला की झाली छत्री! तिचे लोंबणारे धागे कापसाच्या लांब वातींचे. खानदेशातली जेलीफिश कापसाचीच असणार की! अँग्लर माशाचे दात तर विचारू नका. बाभळीचे पांढरे लांब काटे! टोकं बोथट करून बसवले, तरी पाहणारा दोन पावलं मागे सरायचा. बाघचा अमोनाइटही विसरलो नाही. लगद्याची लांब वळी करून ती चकलीसारखी गुंडाळली.

खानदेशाच्या उन्हाला एरवी आपण नावं ठेवतो. पण त्याच उन्हानं सगळे प्राणी तीन दिवसांत खडखडीत वाळवून दिले.

आता चमक. एक मुलगा म्हणाला, “बाई, रेडियम लावू.” सायकलला, बैलगाडीला, ट्रॉलीला लावतात त्या चमकणाऱ्या पट्टीला आपण सगळेच रेडियम म्हणतो. पण त्यात रेडियम नसतं. रेडियम हे मूलद्रव्य मेरी आणि पिअर क्यूरी यांनी १८९८ साली शोधलं. पुढे त्याचा रंग घड्याळांच्या काट्यांना लावू लागले. अमेरिकेतल्या कारखान्यांत मुली हे काम करायच्या. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. त्यांतल्या कितीतरी जणी भयंकर आजारी पडल्या, काहींचा जीव गेला. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, म्हणून पुढच्या कामगारांचं रक्षण झालं. तो धोकादायक रंग गेला, पण नाव मात्र आपल्या तोंडात राहिलं.

सायकलवरची पट्टी स्वतः उजेड देत नाही. मोटारीचा उजेड पडला की तो फक्त परत पाठवते. आम्हांला हवी होती ती दुसरी भुकटी. ती दिवसा उजेड साठवते आणि अंधारात हळूहळू सोडते. तिच्यात असतं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, आणि त्यात किरणोत्सर्ग नसतो. धुळ्याहून एक छोटी पुडी आणली. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून नाकाला रुमाल बांधून मीच ती पांढऱ्या डिंकात कालवली. खाली पांढरा रंग दिला की वरची चमक जास्त दिसते. अँग्लरच्या टोकाला आणि जेलीफिशच्या पोटात मात्र सेलवर चालणारे बारीक दिवे बसवले, आकाशकंदिलासारखे.

रंग कोणता द्यायचा यावर वाद झाला. कुणाला लाल हवा, कुणाला पिवळा. पाण्यात तांबडा प्रकाश सगळ्यांत आधी नाहीसा होतो आणि निळा-हिरवा सगळ्यांत खोल जातो. म्हणून समुद्रातले बहुतेक दिवे निळे-हिरवेच असतात. आणि खोल पाण्यातला लाल प्राणी चक्क काळा दिसतो, म्हणजे लपलेला राहतो. हे समजल्यावर लालवाले खूश झाले. त्यांचा ऑक्टोपस लपणारा ठरला!

विज्ञान दिनाच्या आदल्या दिवशी एका खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या आणि काळे कागद लावले. शाळेतल्या प्रत्येक मुलानं भिंतीवरच्या काळ्या कापडावर त्या रंगाचा एकेक ठिपका बोटानं दिला. पहिलीच्या चिमुरड्यांनीसुद्धा! हे ठिपके म्हणजे नॉक्टिल्युका. हा सूक्ष्म जीव लाटेनं हलला की निळा चमकतो. २०२० च्या नोव्हेंबरात मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर अशाच निळ्या लाटा लोकांनी पाहिल्या होत्या.

प्राण्यांच्या पाट्या लिहायचं काम आलं. सुरतवाला मुलगा आपण होऊन पुढे झाला. त्यानं एकेक पाटी मराठीत लिहिली. शेवटी पट्टी ठेवून सावकाश वरच्या रेघा ओढल्या. एकही पाटी बिनटोपीची राहिली नाही. मग एका मुलीनं त्याला म्हटलं, “खाली गुजरातीत पण लिही ना. तापी तिकडेच जाते.” त्यानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आईवडील, आज्या, आजोबा रांगेनं आत येत होते. दुपारी वीज गेली. बाहेर पंखे थांबले, पण आत काही फरक पडला नाही. समुद्राला विजेची गरज नव्हती. आत काळोख, भिंतीवर शेकडो हिरवट ठिपके, वर तरंगणारी जेलीफिश. आणि अंधारात एक आवाज, भरती-ओहोटी समजावून सांगणारा. वाचताना अडखळणारा मुलगा बोलताना अजिबात अडखळत नव्हता. त्याची आजी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती तीनदा आत जाऊन आली.

एप्रिलच्या सुट्टीत तो सुरतेला गेला. परत येईल की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाचवीच्या वर्गात तो हजर होता. खिशात आगपेटी, आगपेटीत डुमसची काळी वाळू! मी कागदावर वाळू पसरली आणि खालून लोहचुंबक फिरवला. काही काळे कण ताठ उभे राहून चुंबकामागे पळू लागले. ते कण लोहयुक्त खनिजाचे. मुलं ओरडलीच! कुणीतरी धावत जाऊन बुराईच्या पात्रातली मूठभर वाळू आणली. चुंबक फिरवला. तिच्यातूनही तसेच काळे कण उठले.

आपल्या काळ्या दगडात हे कण असतात. दगड झिजतो, पावसाळ्यात नदी ते वाहून नेते. डुमसच्या वाळूत हजारो वर्षांत कितीतरी नद्यांनी भर घातली असेल, त्यांत काही कण आपल्याकडचेही असणार. एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आपली नदी तठलोंग पोचनी!” मग सुरतवाला हळूच म्हणाला, “बाई, पण नदीत टाकलेल्या पिशव्या पण पोचतात. मी पाहिल्यात तिथे.” यावर कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतल्या खाऊच्या पिशव्या बुराईच्या उतारावर जात नाहीत. वर्गाच्या कोपऱ्यात एक डबा आहे, त्यात जातात.

मुलांनो, कधी आमच्याकडे आलात तर मुडावदला जरूर जा. तिथे पांझरा तापीला मिळते आणि संगमावर कपिलेश्वराचं जुनं मंदिर आहे. काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहा. पाणी कुठे निघालंय, ते आता तुम्हांला माहीत आहे.

आणि येणं जमलं नाही, तर तुमच्याच गावच्या नदीची किंवा ओढ्याची मूठभर वाळू आणा. ती वाळवा, कागदावर पसरा आणि खालून लोहचुंबक फिरवा. किती कण उठतात? मग नकाशा घेऊन पाहा, तुमची नदी कोणत्या समुद्राला मिळते. वाटेत तिला कोणकोणती गावं लागतात, त्यांची यादी करा. शेवटचं गाव सापडलं की त्या गावातल्या शाळेला एक पत्र लिहा!